दर्या, दऱ्या आणि मधली एक शिफ्ट

‘खापर’ हा शब्द इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर चार अक्षरकळांत होतो. इंग्रजी कळांच्या नावांनी सांगायचं तर शिफ्ट धरून के, मग ई, एच आणि जे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव. सातपुड्याचा परिसर असल्यामुळे पुढचा शब्द बहुधा ‘दऱ्या’ येणार, आणि तिथे जरा जपावं लागतं. ओ, शिफ्ट धरून जे, डी, तिरपी रेघ, ई. शिफ्ट राहिली की ‘दर्या’ उमटतो आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो.

आता समजा, एका जुन्या संगणकावर कुणी लिनक्स टाकलं. डेस्कटॉप झकास दिसतोय, पण कर्सर हलत नाही किंवा हवं ते अक्षर येत नाही. पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: कीबोर्ड खराब. बऱ्याचदा तो खराब नसतो. कळ दाबल्यावर आत अक्षर जात नाही, फक्त एक आकडा जातो. त्या आकड्याचं अक्षर होईपर्यंत मध्ये तीन-चार थर लागतात आणि प्रत्येक थर वेगळ्या काळात बांधलेला आहे. म्हणून बिघाड शोधताना या थरांचा इतिहास फार कामाला येतो.

लिनक्सच्या डेस्कटॉपखाली अनेक वर्षं जी यंत्रणा होती, आणि आजही बऱ्याच ठिकाणी आहे, ती म्हणजे एक्स विंडो सिस्टीम. ती 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. 1987 मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि आकडा तिथेच थांबला. सुरुवातीच्या काळात एक्सला स्वतःहून काही कळत नसे. माउस कोणत्या पोर्टला आहे, कोणत्या पद्धतीने बोलतो, हे सगळं एका फाइलमध्ये हाताने लिहून द्यावं लागे. साधा पीएस/2 माउस दर हालचालीला तीन बाइट पाठवतो. चाकवाला माउस चाकासकट बोलू लागला की चार पाठवतो. फाइलमध्ये तीन लिहिलेले आणि येतायत चार, असं झालं की वाचणाऱ्याची ओळच चुकते. मग कर्सर वेड्यासारखा कोपऱ्यात उड्या मारतो. माउस धडधाकट असतो, फक्त त्याचं बोलणं चुकीच्या ठिकाणी तोडलं जात असतं.

2007 च्या सुमारास एक्स उपकरणं आपोआप ओळखू लागलं. त्यासाठी ते ‘हॅल’ नावाच्या दुसऱ्या सेवेवर विसंबून होतं. ती सेवा सुरूच झाली नसेल, तर लॉगिनचा पडदा नीट दिसायचा, पण कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेलेले. लोक वायर काढून घालत बसायचे. वायरचा काहीच दोष नसायचा.

आज ती फाइल सहसा लिहावी लागत नाही, पण थर तेच आहेत. जे या कळीचा लिनक्सच्या गाभ्यातला आकडा 36. एक्स त्यात आठ मिळवतं, कारण त्याचे कळांचे आकडे आठपासून सुरू होतात, आणि होतात 44. ‘एक्सईव्ही’ ही छोटी आज्ञा चालवून जे दाबा. 44 दिसले तर कळ, वायर आणि गाभा ठीक आहेत. चूक पुढच्या थरात आहे: 44 म्हणजे इंग्रजी जे की मराठी ‘र’, हे ठरवणाऱ्या लेआउटमध्ये.

इथून गोष्ट आपल्याकडे येते. टाइपरायटरवर देवनागरी अक्षरं दिसण्याच्या क्रमाने जुळवली जात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. इन्स्क्रिप्टने हे उलटवलं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये आणलेल्या या रचनेत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, आणि टाइप करायचं ते उच्चाराच्या क्रमाने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. 1991 मध्ये भारतीय लिप्यांचं इस्की हे प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरीही पुढची बरीच वर्षं छपाईचं काम फॉन्टवरच चाललं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की अगम्य चिन्हं दिसत.

युनिकोड आल्यावरही एक पेच उरला. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि 5 दाबलं की ‘ज्ञ’ यायला हवा. पण युनिकोडच्या लेखी ज्ञ म्हणजे तीन चिन्हं: ज, हलन्त, ञ. एक्सच्या लेआउटमध्ये एका दाबाला एकच चिन्ह मिळतं. त्यामुळे नुसता लेआउट बदलून सगळं उमटतं, पण ज्ञ, त्र, क्ष, श्र यांच्या थेट कळा चालत नाहीत. त्यासाठी आयबससारखा वरचा थर लावावा लागतो. इथेही बिचाऱ्या कीबोर्डलाच बोल लागतो.

सगळ्यात अवघड बिघाड मात्र दिसतच नाही. ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्या यादीत ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका पद्धतीने भरलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं, तर दोन्ही रूपं एक करण्याची सोय नसलेली प्रणाली सांगेल, असं नाव नाही. माणूस यादीत असतो, पण सापडत नाही. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना तर दर्या की दऱ्या हे कीबोर्डच अंदाजाने ठरवतो.

म्हणून बिघाड खालून वर शोधावा: आकडा येतोय का, लेआउट कोणता, वरचा थर लागलाय का, आणि शेवटी, साठलेली चिन्हं नेमकी कोणती. पहिले तीन थर चुकले की आपलं काम अडतं आणि आपण लगेच शोधाशोध करतो. चौथा चुकला की कुणाचंच काही अडल्यासारखं वाटत नाही. अडतं ते फक्त ज्याचं नाव सापडत नाही त्याचं.