जाडीची भीती नसलेल्या मुली

1869 च्या डिसेंबरात वेल्समधल्या कार्मार्थनशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी लंडनहून चार परिचारिका आल्या. घरात बारा वर्षांची सारा जेकब अंथरुणाला खिळून होती. दोन वर्षं पोरीनं अन्नाला हात लावलेला नाही, असं तिचे आईवडील सांगत. लांबलांबून लोक तिला पाहायला येत आणि जाताना काहीबाही पैसे ठेवून जात. परिचारिकांना काम दिलं होतं पहाऱ्याचं. मुलीनं मागितलं तर खायला द्यायचं, आपण होऊन विचारायचं नाही. तिनं मागितलं नाही. आठवडाभराच्या पहाऱ्यानंतर 17 डिसेंबरला ती गेली. आईवडिलांवर मनुष्यवधाचा खटला चालून त्यांना तुरुंगवास झाला, पहारा बसवणारी डॉक्टरमंडळी मात्र सुटली.

त्या परिचारिका लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या होत्या. त्याच इस्पितळातले नामांकित डॉक्टर विल्यम गल यांनी पुढं चारच वर्षांनी, 1873 मध्ये, न जेवणाऱ्या मुलींच्या आजाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होजा’ हे नाव दिलं. युरोपात अशा मुली नव्या नव्हत्या. सिएनाची कॅथरीन 1380 मध्ये तेहतिसाव्या वर्षी वारली. खाणं तिनं जवळजवळ सोडून दिलं होतं, आणि चर्चनं तिला संतपद दिलं. गलसाहेबांनी चमत्काराचं प्रकरण दवाखान्याच्या वहीत आणलं. मुलगी हाडांचा सापळा झालेली, पाळी थांबलेली, क्षयाची खूण कुठं नाही, आणि अंगात त्राण नसताना दिवसभर येरझाऱ्या घालायची हौस दांडगी. दोष मनाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपाय सरळ होता: ठरल्या वेळी खाऊ घाला आणि मुलीला वचक असलेल्या माणसांच्या ताब्यात द्या. घरचे लोक म्हणजे या कामाला सगळ्यांत नालायक, असं त्यांचं स्पष्ट मत.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच आठ रुग्णांचं वर्णन छापलं. ते आज वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. लासेग यांच्या मुलींची तक्रार सुरू होते ती पोटापासून. जेवल्यावर जड वाटतं, पोट भरल्यासारखं होतं, कळ येते, म्हणून घास कमी. वजन वाढेल, जाड दिसेन, ही धास्ती त्यांच्या वर्णनात नाही, गल यांच्याही नाही. पुढं पॅरिसमधलेच डॉक्टर शार्को यांना एका रुग्णाच्या कमरेला गुलाबी फीत बांधलेली सापडली, तिच्यापलीकडे कंबर जाऊ द्यायची नाही म्हणून. तेव्हा ही धास्ती त्या काळी अगदीच नव्हती, असं म्हणता येत नाही. पण आजाराची ओळख तिच्यावर ठरत नव्हती.

ती ठरू लागली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1962 मध्ये अमेरिकेत हिल्डे ब्रुख यांनी स्वतःच्या शरीराबद्दलच्या बिघडलेल्या प्रतिमेला आजाराच्या केंद्रस्थानी बसवलं. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी जाड होण्याच्या विकृत भीतीवर भर दिला, आणि 1979 मध्ये बुलिमिया या, भरमसाट खाऊन ते उलटून टाकण्याच्या, दुसऱ्या विकाराचं बारसंही त्यांनीच केलं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 1980 च्या निदानपुस्तिकेत ही भीती अट म्हणूनच छापली गेली. 1983 मध्ये गायिका कॅरन कार्पेंटर बत्तिसाव्या वर्षी याच आजारापायी गेली आणि त्याचं नाव घराघरांत पोचलं. आरशासमोर उभी राहून स्वतःला लठ्ठ समजणारी हाडकुळी मुलगी, हे त्याचं चित्र तेव्हापासून पक्कं झालं. मुलगी गोरी, घर खातंपितं, कारण फॅशनची मासिकं. डॉक्टरांच्या शिक्षणातही तेच चित्र.

हाँगकाँगमध्ये ते चित्र जुळेना.

चायनीज युनिव्हर्सिटीतले मनोविकारतज्ज्ञ सिंग ली 1980 च्या दशकात शातिनच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलात अशा रुग्णांवर उपचार करत होते. 1989 मध्ये त्यांनी लेख लिहिला तो चिनी मुलींत हा आजार इतका कमी का, या प्रश्नावर. पण जे थोडे रुग्ण येत, त्यांनीच त्यांना कोड्यात टाकलं. वजन भयंकर उतरलेलं, पाळी बंद, जेवणाला ठाम नकार; सगळं पुस्तकाप्रमाणे. मात्र जाड होण्याची भीती वाटते का, असं विचारलं की मुलगी चकित होऊन पाहायची. आपण वाळलो आहोत, हे तिला दिसत होतं. पोट फुगतं, भूकच लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच तिचं म्हणणं. 1993 मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी 70 रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या 41 जणांना संपूर्ण आजारात कधीही जाडीची भीती वाटली नव्हती. पुस्तिकेच्या अटीत हे 41 बसत नव्हते, म्हणजे अर्ध्याहून जास्त रुग्ण ‘इतर’ या रकान्यात.

असा प्रसंग आला की डॉक्टरापुढं दोन वाटा असतात. पहिली सोपी: मुलगी खोटं बोलते, किंवा तिला स्वतःच्या मनाचं कळत नाही, असं धरून चालायचं. तिला आरशासमोर बसवायचं आणि ती ‘हो, मला भीती वाटते’ म्हणेपर्यंत समुपदेशन करायचं. कितीतरी ठिकाणी असंच झालं असणार. ली यांनी दुसरी वाट धरली. उपासमार कोणत्या संदर्भात घडते, हे रुग्णाच्या तोंडून ऐका, मग उपचार ठरवा, असा आग्रह त्यांनी 1995 च्या एका दीर्घ लेखात धरला. गंमत अशी की त्यांच्या रुग्णांची पोटाची तक्रार लासेग यांच्या पॅरिसच्या मुलींशी अगदी मिळतीजुळती होती. हाँगकाँगच्या मुलींना अपवाद ठरवणारी व्याख्या मूळ वर्णनापेक्षा शंभर वर्षांनी तरुण होती, आणि याची आठवण पाश्चात्त्य तज्ज्ञांना हाँगकाँगहून करून द्यावी लागली.

गोष्ट इथं संपली नाही. 24 नोव्हेंबर 1994 रोजी हाँगकाँगच्या गजबजलेल्या रस्त्यावर चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी कोसळली आणि वारली. वर्तमानपत्रांनी आजाराचं इंग्रजी नाव शोधलं, तज्ज्ञांच्या मुलाखती आल्या, लक्षणांच्या याद्या छापून आल्या, आणि त्या याद्या अमेरिकन होत्या. त्यानंतर ली यांच्याकडे येणाऱ्या मुली वेगळं बोलू लागल्या. 1987 ते 2007 या वीस वर्षांतल्या 195 रुग्णांचा आढावा पुढं त्यांच्या गटानं छापला, तेव्हा जाडीची भीती असलेल्यांचं प्रमाण चढत गेलेलं दिसलं. ईथन वॉटर्स या अमेरिकन पत्रकारानं 2010 च्या पुस्तकात याची कहाणी रंगवली: आजाराची भाषा निर्यात झाली. कहाणी जरा जास्तच गोळीबंद आहे. मुलींची भाषा बदलत होती त्याच वर्षांत सडपातळ करून देणाऱ्या पार्लरच्या जाहिरातींनी शहर भरून गेलं होतं. तरीही माणूस आपलं दुखणं समोरच्याला समजेल अशा बोलीत सांगतो, हे त्यातून दिसतं ते खरंच.

फिजीची गोष्ट तर याहून जास्त वेळा सांगितली जाते. नाद्रोगा भागात 1995 मध्ये टेलिव्हिजन आला. संशोधक अॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबाबतच्या प्रश्नावलीत धोक्याच्या रेषेवर जाणाऱ्यांचं प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेलं. वजनासाठी उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर 11.3 टक्के. यावरून ‘पश्चिमेचं वारं लागलं की हा आजार होतो’ असा सोपा धडा काढणाऱ्यांनी ब्रॅडफर्ड विसरू नये. इंग्लंडमधल्या त्या गिरणगावात डेव्हिड ममफर्ड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियाई घरांतल्या शाळकरी मुली तपासल्या. बुलिमियाचं प्रमाण त्यांच्यात 3.4 टक्के, गोऱ्या मुलींत 0.6 टक्के. आणि ज्यांची घरं जास्त पारंपरिक, त्यांचेच गुण जास्त चिंताजनक.

भारतात आधी घोटाळा झाला तो प्रश्नावलीचा. 1989 मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या विद्यार्थिनींना तीच प्रश्नावली हिंदीतून दिली. खूप मुली धोक्याच्या रेषेवर गेल्या, पण त्यांची उत्तरं पाहिल्यावर लक्षात आलं की काही प्रश्नांचा अर्थ इथं निराळा लागतो. खाण्यावर ताबा ठेवता का, भूक असूनही खाणं टाळता का? श्रावणात हे प्रश्न कुठल्याही मराठी घरात विचारून पाहावेत. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणारी आजी पहिल्याच पानावर रुग्ण ठरेल. 1995 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी न जेवणाऱ्या, उलट्या होणाऱ्या पाच तरुणींची माहिती छापली. त्यांच्यातही शरीराच्या प्रतिमेचा तो ठरलेला बिघाड नव्हता.

मराठी मुलगी डॉक्टरकडे जाते तेव्हा काय सांगते? ‘अन्नावरची वासनाच उडाली’, ‘पित्त होतं’, ‘दोन घासांत पोट गच्च होतं’. आई म्हणते, ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही’, आणि आजी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचण्याआधी दुर्बिणीतून जठर पाहून झालेलं असतं. अशा घराला पहिल्याच भेटीत शरीराच्या प्रतिमेविषयी ऐकवलं तर दुसऱ्या भेटीला कुणी येणार नाही. पोटाचं दुखणं खोटं न ठरवता, उपाशी राहिल्यानं जठराचं काम मंदावतं आणि थोड्या खाण्यानंही पोट फुगतं, हे सांगून सुरुवात करता येते. ते वैद्यकीयदृष्ट्या खरंही आहे.

घरच्यांना दूर ठेवण्याचा गल यांचा सल्ला पश्चिमेत शंभर वर्षं टिकला. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलच्या गटानं 1987 मध्ये, लहान वयात आणि अलीकडे आजारी पडलेल्या मुलींना कुटुंबासह केलेला उपचार अधिक लागू पडतो, असं दाखवलं, तेव्हा वारं फिरलं. भारतात माणसं मुळातच रुग्णाच्या उशाशी असतात. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना राहू दिलं होतं, आणि वेल्लोरच्या रुग्णालयानंही तीच प्रथा पुढं नेली. मॉड्सलीच्या पद्धतीत आईवडील डॉक्टरांसमोर मुलीला जेवू घालतात. आग्रहानं वाढण्यात मराठी घराला कोण शिकवणार? अडचण वेगळीच आहे: ताट आजी वाढते, भाकरी काकू भाजते, आणि दवाखान्यात बोलावणं येतं फक्त आईवडिलांना.

मग उपासाचा पेच उरतो. वजन उतरलेली मुलगी संकष्टी धरते, मग गुरुवार, मग प्रदोष, मग सोळा सोमवार. घरी कौतुक होतं, आणि ‘उपास सोड’ म्हणणारा डॉक्टर नास्तिक ठरतो. इथं परंपरेतच आधार सापडतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’सारख्या ग्रंथांच्या परंपरेत व्रतभंग कशानं होत नाही, हे सांगितलं आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्याबरोबर त्या यादीत औषध आहे आणि गुरूचा शब्दही आहे. अशक्त माणसाचं व्रत दुसऱ्यानं प्रतिनिधी म्हणून करण्याचीही सोय आहे. रमजानच्या रोजांतून आजाऱ्याला सूट आहे, आणि जिवाला धोका असेल तर ज्यू धर्म योम किप्पुरलाही खायला लावतो. वरणभात आणि तूप हेच तुझं औषध, असं डॉक्टरनं लिहून दिलं आणि घरच्या गुरुजींनी त्याला मान डोलावली, तर मुलीजवळचं एक कारण कमी होतं. तिनं त्यावरही हुज्जत घातली, तर डॉक्टरला निदानाची एक खूण मिळते.

अमेरिकन पुस्तिकेनं 2013 च्या आवृत्तीत अट सैल केली. जाडीची भीती बोलून दाखवली नाही, पण वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसत असेल, तरी निदान करता येतं. पाळी थांबण्याची अटही गेली. रुग्णाचा स्वतःच्या दुखण्याविषयी काय समज आहे, घरचे त्याला काय म्हणतात, हे विचारण्यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखतही त्या आवृत्तीत दिली आहे. सिंग ली यांच्या 41 रुग्णांच्या नोंदीनंतर तेव्हा वीस वर्षं उलटली होती.