एकच मजकूर, यंत्रे अनेक

१७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला आपले ठाणे केले आणि पुढे त्या एका गावात दोन गाद्या नांदू लागल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी. दोन दरबार, दोन कचेऱ्या आणि गाव मात्र एकच. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, तेव्हा कोठे हा प्रकार संपला. आज देवास जिल्ह्यात मोडणारे खातेगांव त्या काळी या दोन्ही पात्यांच्या बाहेर, होळकरांच्या इंदूर संस्थानात होते. म्हणजे आजच्या एका जिल्ह्याच्या हद्दीत, एका भाषेत चालणाऱ्या कारभाराला, निदान तीन निरनिराळे नियम लागू होते. संगणकाच्या जगातही असाच एक संसार गेली तीस वर्षे चालला आहे. मजकूर एक, पण तो दाखवणारी यंत्रे अनेक, आणि प्रत्येक यंत्राचा कायदा निराळा.

वास्तविक मूळ संकल्प अगदी उलट होता. १९८९ साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या अणुसंशोधन केंद्रात जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, ती तेथील परस्परांशी न जुळणाऱ्या संगणकांना कंटाळूनच. छापखान्यातून निघालेले पान आपले रूप बरोबर घेऊन येते. खिळा जुळला, शाई लागली, की त्यात पुढे बदल नाही. जाळ्यावरचे पान मात्र रूप घेऊन निघतच नाही. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, एवढाच अर्थ ते सांगते; त्या अर्थाला रूप देण्याचे काम वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर करतो. या ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असा शब्द सुचवला गेला आहे. शब्द गोड आहे, पण तो कोशातच अधिक शोभतो.

ही उदार व्यवस्था फार दिवस टिकली नाही. १९९४ मध्ये नेटस्केप आला, १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर, आणि दोघांनी आपापल्या खुणा भाषेत घुसवण्यास आरंभ केला. अमुक ब्राउझरमध्येच हे पान नीट दिसेल, अशा पाट्या संकेतस्थळांच्या दारावर लागल्या. वाचकाने आपली पाती कोणती ते आधी ठरवावे, मग बातमी वाचावी!

इंग्रजी वाचकाला यामुळे फार तर वेडावाकडा रकाना दिसे. मराठी वाचकाला अक्षरच दिसेना. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ सालीच प्रसिद्ध झाले होते आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान होते. तथापि घरोघरच्या संगणकांना तिची ओळख नव्हती. तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी वेगळी वाट धरली. रोमन अक्षरांच्या जागी मराठी खिळे बसवलेला स्वतःचा फाँट त्यांनी तयार करवून घेतला. यंत्राला वाटे आपण रोमन अक्षर दाखवीत आहोत. वाचकाला मात्र ‘क’ दिसे. तो फाँट वाचकाच्या संगणकात नसला, की संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा उमटे. यावर तोड म्हणून पानाबरोबरच फाँट पाठवण्याची सोय १९९७ च्या सुमारास निघाली. पण नेटस्केपला एका जातीची फाइल लागे आणि एक्सप्लोररला दुसऱ्या जातीची. एकाच मराठी मजकुरासाठी दोन दप्तरे बाळगण्याची ही रीत देवासच्या जुन्या कारकुनांना मुळीच नवी वाटली नसती.

याच सुमारास, २००० च्या जानेवारीत, धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ हा उपक्रम सुरू झाला. खेड्यापाड्यांतील सूचनालयांत संगणक ठेवले गेले. शेतकऱ्याला मंडीचे भाव, जमिनीच्या कागदांच्या नकला आणि सरकारदरबारी अर्ज, हे सर्व हिंदीतून तेथे मिळू लागले. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम येथील मानाचे पारितोषिक मिळाले. ज्ञानदूताला अक्षरांची अडचण त्या मानाने कमी पडली, कारण संगणक कोणता आणि त्यात काय भरावयाचे, हे ठरवणारा एकच होता. त्याला छळले ते गेलेल्या विजेने आणि तुटलेल्या टेलिफोनच्या तारांनी. यंत्र आपल्या ताब्यात असले की लिपी वश होते. यंत्र वाचकाच्या खिशात गेले, की प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आणि यंत्र खिशात गेलेच. २००० मध्येच विंडोजच्या नव्या आवृत्तीत देवनागरी युनिकोडची सोय झाली. तिच्यातील ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. संगणकावरचा प्रश्न सुटत आला, तोच मोबाइलने त्याला नवे तोंड फोडले. देवनागरी केवळ अक्षरे ओळीने मांडून होत नाही. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचा जुळवाजुळवीचा खटाटोप निराळाच. हे ज्ञान नसलेल्या फोनवर मराठी पान म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग. आरंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर हीच दशा होती.

अशा वेळी ऑपेरा मिनी या ब्राउझरातील एका आडबाजूच्या सोयीने पुष्कळ भारतीय वाचकांची लाज राखली. पत्त्याच्या जागी एक सांकेतिक शब्द टंकला, की गुप्त खोलीसारखे एक पान उघडे. त्यातील एक पर्याय बदलला, की दूरच्या संगणकावर देवनागरी शब्दांची चित्रे तयार होऊन ती फोनवर येत. अक्षर न कळणाऱ्या फोनला अक्षराचे चित्र दाखवायचे! उपाय ओबडधोबड खरा, पण माळव्यासारख्या ठिकाणी, जेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली पण मराठी वृत्तपत्र दुरून मागवावे लागे, तेथे असल्या उपायाचे मोल महाराष्ट्रातील वाचकाला सहज कळणार नाही.

रकान्यांचा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. प्रथम मोबाइलसाठी वेगळे, छोटे संकेतस्थळ काढण्याची प्रथा पडली. पुन्हा दोन पात्या, आणि एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाण्याची खात्री. २००७ साली आयफोन आला, तेव्हा तो मोठे पान ९८० ठिपके रुंद समजून आक्रसून दाखवी. बातमी वाचण्यास भिंगच हवे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने सुचवले, की पान एकच ठेवावे, मापे ठिपक्यांत न देता प्रमाणात द्यावीत, आणि पडदा किती रुंद आहे हे पानानेच विचारून रकाने मांडावेत. नवे असे त्यात थोडेच होते. १९८९ चा मूळ संकल्पच त्याने आठवून दिला. मात्र हे सर्व रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून झाले. तिच्या बेताने ओळीची उंची बांधली, की रफाराचा माथा आणि उकाराची शेपटी कापली जाते. अक्षरांत शोभेसाठी अंतर सोडले, तर शिरोरेषाच तुटते. मराठी संकेतस्थळ साध्या, स्वस्त फोनवर पाहून घेणे म्हणूनच अगत्याचे.

मराठीची खास खोड म्हणजे अर्धा ‘ऱ’. तो नीट उमटला नाही तर आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना पोचतो. बरे, तो साठवण्याच्या रीतीही दोन आहेत; डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडेलच असे नाही. ‘खातेगांव’ या नावाचेच पाहा. यंत्राच्या लेखी ती आठ चिन्हे. हिंदीत गावावर चंद्रबिंदू देतात, मराठीत पूर्वी अनुस्वार देत, आणि १९६२ च्या नियमांनंतरचा मराठी लेखक तोही गाळून ‘खातेगाव’ लिहितो. गाव एक, यंत्राला नावे तीन.

आणि फाँटांच्या त्या जुन्या काळातील पाने? ती ज्या पेढ्यांत शिल्लक आहेत, तेथे मजकूर अद्याप रोमन वेषातच पडून आहे. प्रत्येक वृत्तपत्राच्या फाँटाची किल्ली वेगळी, आणि त्या किल्लीवाचून त्यांत नाव शोधणे अशक्य. खातेगांवची एखादी बातमी त्यांत आली असेल, तर तिचा शोध घेणाऱ्याला या तिन्हींपैकी एकही नाव उपयोगी पडणार नाही. तेथे त्या गावाच्या जागी काही रोमन अक्षरे आणि एखादे विरामचिन्ह उभे असेल.