गट, हिस्सा आणि फेरफार

पुणे–नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्ये सणसवाडी आहे. इथल्या कारखान्यांच्या पत्त्यात गल्ली किंवा चौक क्वचित येतो, गट नंबर मात्र चुकत नाही. जमिनीची वाटणी झाली असेल तर गट नंबरापुढे तिरपी रेघ आणि हिस्सा नंबर येतो. हिश्शाचीही वाटणी झाली की आणखी एक रेघ येते आणि तिच्यापुढे आकडा किंवा अ, ब, क. संगणकावर आपल्या कामांची यादी साध्या मजकुराच्या फायलीत ठेवणारी मंडळीही हीच रीत वापरतात. घर/दुरुस्ती/नळ असे लेबल ओळीच्या शेवटी लावले की काम कोणत्या शाखेतले ते कळते. 2003 साली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ईमॅक्स या संपादकासाठी लिहिलेल्या ऑर्ग-मोडमुळे मजकुराच्या फायलीत कामे उतरंडीने लावण्याची पद्धत पुष्कळांच्या हाती गेली, आणि तिचे चाहते बहुतेक वेळा उतरंडीच्या नेटकेपणाचे गुण गातात. पुणे जिल्ह्याच्या महसुली दप्तराचा सुमारे दोनशे वर्षांचा अनुभव वेगळे सांगतो. क्रमांकांची उतरंड एकटी कधीच पुरी पडली नाही. ती टिकली ती तिच्याशेजारी ठेवलेल्या, कसलीही उतरंड नसलेल्या, तारीखवार चालणाऱ्या एका वहीमुळे.

या मुलखातली जमीन आकड्यांच्या आधी नावांनी ओळखली जाई. मूळ घराण्याच्या वाट्याची जमीन म्हणजे थळ. भाऊबंदांचा गट म्हणजे जथा. घराणे नामशेष झाले तरी त्याच्या थळाला पूर्वीचेच नाव चालू राही, आणि अशी जमीन गतकूळ म्हणून दाखवली जाई. टॉमस कोट्स या डॉक्टरने पेशवाई बुडाल्यानंतर लगेच लोणी गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले, ते 1823 मध्ये छापले गेले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावाचा, म्हणजे लोणीकंदचा, अभ्यास 1960 मध्ये प्रसिद्ध केला. लोणीकंद सणसवाडीच्या पुण्याकडच्या बाजूला, याच रस्त्यावर आहे. गाव, जथा, थळ, शेत हीही उतरंडच होती, पण ती पाटील-कुळकर्ण्यांच्या आणि गावकऱ्यांच्या माहितीवर उभी होती. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ती वाचता येईना. प्रिंगल या अधिकाऱ्याची 1830 च्या सुमाराची मोजणी फसली. पुढे 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी पद्धत बसवली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या अंदाजाने शेताची हद्द घालायची, तिला बांध आणि दगड द्यायचे, एक सर्व्हे नंबर द्यायचा आणि आकारणी त्या नंबरावर बसवायची.

सारा वसूल करायला हे उत्तम होते. मालकी समजायला अपुरे, कारण बांध जागेवर राहतो आणि कुटुंब वाढत जाते. शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी 1917 मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी छापली. तिच्यानुसार तिथली सरासरी धारणा 1771 मध्ये 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली. मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी दुसरे गाव निवडले ते जातेगाव बुद्रुक, सणसवाडीच्याच शिरूर तालुक्यातले. तो अभ्यास 1921 चा. कागदावर एक नंबर आणि रानात चार भावांचे चार तुकडे, ही तफावत सरकारला दिसत नव्हती असे नाही. 1903 च्या मुंबई कायद्याने हक्कनोंद आली, त्यानंतर पोटहिश्शांची मोजणी सुरू झाली आणि नंबराखाली हिस्सा ही दुसरी पायरी पक्की झाली. आज गाव नमुना सात आणि बारा मिळून जो सातबारा होतो, त्याची घडण याच काळातली.

खरी करामत मात्र गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे, आणि तिच्याकडे कौतुकाने कोणी पाहत नाही. खरेदी, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, जे काही घडेल ते या वहीत ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहायचे आणि सलग क्रमांक द्यायचा. इथे शाखा नाहीत, पोटशाखा नाहीत. नोंद झाली की चावडीवर तिची प्रत लागते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हाताने लिहायच्या काळात नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक पेन्सिलीने असे, नंतर शाईने. जुने नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करत. कामांची यापेक्षा चोख यादी मला तरी ठाऊक नाही. तिच्यात सुरू झालेले, अडलेले आणि पुरे झालेले अशा तिन्ही अवस्था डोळ्यांना दिसतात, आणि संपलेले कामही वाचता येते. तारीखवार वही आणि मांडणीची वही या जोडीची सवय इंग्रजांनी आणली असेही म्हणता येणार नाही. पेशवाईतले कारकून रोजकीर्द दिवसाच्या क्रमाने लिहीत आणि मग तीतल्या रकमा खतावणीत खात्याप्रमाणे उचलत. घडले तसे लिहायचे एका वहीत आणि शोधायला सोपे पडेल तसे मांडायचे दुसऱ्या वहीत, हा विचार पुण्याच्या दप्तरात जुनाच आहे.

तिरप्या रेघेच्या मर्यादा वाटणीच्या दिवशी उघड होतात. ऑर्ग-मोडमध्ये वरच्या मथळ्याला लावलेले लेबल खालच्या सगळ्या ओळींना आपोआप लागू होते. सातबाऱ्यात तसे होत नाही. एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्क या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल आणि गटाचे तीन हिस्से पडले, तर तो बोजा तिन्ही नव्या सातबाऱ्यांवर कोणीतरी लिहावा लागतो. लिहायचा राहिला तर हिश्शाचा उतारा कोरा निघतो, पण कर्ज संपलेले नसते. हिश्शाचा नंबर जमीन कोणत्या गटातून निघाली एवढे सांगतो, तिच्याबरोबर काय देणे आले ते सांगत नाही. ते सांगतो फेरफार. म्हणूनच जाणता वकील चालू सातबाऱ्यावर समाधान मानत नाही. तीस वर्षांचे उतारे आणि त्यांवरचा प्रत्येक फेरफार मागतो.

दुसरी परीक्षा 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने घेतली. विखुरलेले तुकडे एकत्र आणून गट पाडायचे आणि ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा पडू द्यायचा नाही, असा त्याचा हेतू. जिथे योजना लागू झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणजे जुने झाड उपटून नवे लावले गेले. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते पाहायला आजही एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढावा लागतो. हा दुवा हरवला की पन्नास वर्षांपूर्वीचे खरेदीखत आणि आजचा सातबारा एकमेकांना ओळखत नाहीत. शिवाय फांदीला खाली फुटायलाच मनाई झाली. कारखान्यांमुळे नगर रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला तसे गुंठ्यागुंठ्याचे गिऱ्हाईक वाढले, पण कायद्याने तुकडा पडेना. मग एकाच गटाच्या सातबाऱ्यावर सामाईकात नावांची रांग लागली आणि कोणाचे कुठे हे रानातल्या खुणांवर आणि आपसातल्या कागदांवर सोडले गेले. उतरंडीला कृत्रिम तळ घातला की खालचा पसारा दप्तराबाहेर वाढतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आता सगळे संगणकावर आहे, शोध एका क्षणात लागतो. मग गट, हिस्सा, अ-ब-क हवेच कशाला? महाराष्ट्रात सातबाऱ्यावर 11 अंकी भूआधार क्रमांकही आला आहे. त्यावरून ना बाप कळतो ना लेक, तरी जमीन एकमेव ठरते. आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे: ओळख पटवायला उतरंड लागत नाही. पण ओळख पटवणे आणि इतिहास वाचणे ही निराळी कामे आहेत. 125/2/अ पाहिल्यावर शेजारी 125/2/ब असणार, दोघांची मोजणी एकाच फाळणीतून आली असणार आणि बांधाचा वाद निघाला तर तो या दोघांत निघणार, हे शिवारातल्या माणसाला शोधपट्टीशिवाय कळते. अकरा अंक ते सांगत नाहीत. दुसरा आक्षेप असा की ही सगळी यंत्रणा साऱ्यासाठी परक्यांनी उभारली, तिचे गोडवे कशाला? उगम तसाच आहे, वादच नाही. मात्र सारा नाममात्र झाल्यावरही ती वही टिकली, कारण वारसाला, बँकेला आणि कोर्टाला तिची गरज पडत राहिली.

संगणकाने तरी काय केले? 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यानंतरच्या नव्या नमुन्यात कंस केलेल्या नावांवर आडवी रेघ येते, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख छापली जाते आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही हेही लिहिलेले असते. म्हणजे उतरंडीच्या कागदावर तारीखवार वहीचा सारांशच आणून ठेवला आहे. मजकुराच्या फायलीत कामे लावणाऱ्यांनी एवढे जरूर उचलावे: लेबलांच्या कितीही पायऱ्या पाडा, पण प्रत्येक कामाखाली ते कधी आले, कुठे अडले आणि कोणी पुरे केले याची तारीखवार नोंद ठेवा. आणि सणसवाडीत जमीन बघणाऱ्यांनी गट नंबर विचारून झाल्यावर प्रलंबित फेरफाराची ओळ आधी वाचावी.