शाळेचा भार कोणावर? : वर्धा जिल्ह्यातील शिक्षणखर्चाचा प्रश्न (१८६२–१९६२)

शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती आणि थोर शिक्षकांची चरित्रे यांना अग्रस्थान मिळते. खर्चाचा हिशेब बहुधा परिशिष्टात जातो. वस्तुतः एखाद्या गावी शाळा असावी की नसावी, असल्यास ती किती इयत्तांची असावी आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलास पुढे महाविद्यालयाची पायरी चढता यावी की नाही, या सर्व गोष्टींचा निर्णय अखेरीस अंदाजपत्रकात होत असतो. वर्धा जिल्हा हा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. शाळेचा खर्च कोणत्या उत्पन्नातून भागवावा या प्रश्नाची जितकी निरनिराळी उत्तरे या एका जिल्ह्यात शंभर वर्षांत सुचविली गेली, तितकी अन्यत्र क्वचितच सुचविली गेली असतील. जिल्ह्याच्या उत्तर टोकास, नागपूर-अमरावती मार्गावर वसलेले कारंजा (घाडगे) हे गाव समोर ठेवून या उत्तरांची परीक्षा करणे सोयीचे आहे. कापूस, तूर व संत्रे पिकविणाऱ्या या टापूचा कारभार दीर्घकाळ आर्वी तहसिलीतून चाले. आज कारंजा हे स्वतंत्र तालुक्याचे ठाणे आहे. धोरण वर्ध्यास वा नागपुरास ठरावे आणि त्याचा भार वा लाभ येथवर पोचावा, असा हा संबंध आहे.

(१)

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. त्याच वर्षी वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावनजीक कवठा येथे होते व १८६६ मध्ये ते वर्ध्यास आले. या प्रांतात जमाबंदीबरोबरच शाळांसाठी जमीनमहसुलावर उपकर बसविण्यात आला. ग्रामीण शाळेचा पहिला नियमित आधार तो हाच. उपकर मालगुजाराकडून वसूल होई. परंतु मालगुजाराचे उत्पन्न कुळांच्या खंडातून येत असल्यामुळे त्याचा अंतिम भार नांगर धरणाऱ्यावरच पडे. १८८३ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानंतर जिल्हा कौन्सिले स्थापन झाली व ग्रामीण शाळांची व्यवस्था क्रमाने त्यांच्याकडे आली. तथापि, कौन्सिलाचे उत्पन्न महसुलाशी जखडलेले राहिले. महसूल दीर्घकाळ स्थिर राही. मुलांची संख्या मात्र स्थिर राहत नसे.

या पद्धतीतील अन्याय जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमका दाखविला होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणास मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांचे निवेदन मुंबई इलाख्यापुरते असले तरी वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर तो तितकाच लागू पडत होता. नागपुरात हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उभी राहिली. खेड्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा प्रांतात १९२० मध्ये झाला, आणि तोही ऐच्छिक स्वरूपाचा होता. सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. सक्तीसाठी लागणारा पैसा त्यांना मिळाला, असे म्हणता येत नाही.

(२)

१९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविलेले खाते झाले, आणि अर्थखाते राखीव राहिले. मंत्र्याच्या हाती जबाबदारी आली, तिजोरीची किल्ली आली नाही. शिवाय मेस्टन समितीच्या निवाड्यानुसार मध्य प्रांताने मध्यवर्ती सरकारला प्रतिवर्षी २२ लक्ष रुपये द्यावे असे ठरले होते. प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला. प्रांतांकडे मुख्यतः जमीनमहसूल आणि अबकारी उत्पन्न राहिले. याचा परिणाम असा झाला, की शाळा वाढवावयाच्या असतील तर शेतसारा वाढावा अथवा दारू अधिक खपावी, असे दोनच ठळक मार्ग शिल्लक उरले.

याच काळात, १९२३ मध्ये, नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठाला उद्योगोपयोगी विज्ञानाच्या शिक्षणासाठी जो मोठा निधी लाभला तो कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातून. त्यातूनच १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. वर्ध्यात जमनालाल बजाज यांच्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. उच्च शिक्षणाला दाते मिळाले, ही गोष्ट भूषणावह आहेच. पण दात्याची दृष्टी साहजिकच शहरातील संस्थेकडे जाते. कारंज्यासारख्या गावाच्या प्राथमिक शाळेला लक्ष्मीनारायण भेटत नाही. तिला उपकरावरच जगावे लागते.

(३)

१९३७ च्या जुलैत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली तेव्हा हा पेच विकोपास गेला. दारूबंदी आणि मोफत सार्वत्रिक शिक्षण ही दोन्ही वचने पक्षाने दिली होती. परंतु एकाचे पालन केल्याने दुसऱ्याचा आर्थिक पाया ढासळत होता. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नावर विसंबावे लागावे, ही नव्या राज्यसुधारणांतील क्रूर विसंगती महात्मा गांधींनी ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये उघड करून दाखविली. वर्ध्यानजीकच्या शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहून त्यांनी सुचविलेला उपाय सर्वश्रुत आहे : शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, आणि मुलांच्या हातून निघालेल्या मालातून शिक्षकाचे वेतन निघावे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तव्यवसायाचे केंद्रस्थान आणि कालांतराने शिक्षकांच्या वेतनापुरते स्वावलंबन, असे चार ठराव तेथे झाले. वर्धा योजनेची चर्चा बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगाने केली जाते. परंतु चौथा ठराव हा शुद्ध अर्थशास्त्राचा आहे, आणि योजनेचा उगमही तोच आहे. परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी त्यावर हरकत घेतली. शाळेचा माल बाजारात आला तर कारागिरांशी स्पर्धा होईल, आणि मुलांच्या श्रमाला वेठीचे रूप येईल, असे त्यांच्या आक्षेपाचे सार होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी सादर केलेल्या अहवालातही, उत्पन्नाच्या बाजूवर भर देता देता शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका स्पष्टपणे नमूद आहे. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाने पहिली तीन तत्त्वे स्वीकारली. स्वावलंबनाचे तत्त्व त्या ठरावात आले नाही. ज्या तत्त्वासाठी योजना जन्मली, तेच प्रथम गळाले.

गांधींचा विचार उच्च शिक्षणापर्यंत जात होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या उद्योगांना अभियंते हवेत त्यांनी अभियांत्रिकीची महाविद्यालये चालवावी, आणि विद्यापीठांनी परीक्षाशुल्कावर स्वतःचा खर्च भागवावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकारी पैशावर पहिला हक्क खेड्यातील मुलाचा, हे त्यामागील सूत्र होय. फुल्यांच्या १८८२ च्या आक्षेपाशी त्याचे नाते उघड आहे, जरी दोघांनी सुचविलेले उपाय भिन्न होते.

(४)

मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री व पुढे मुख्यमंत्री झालेले पं. रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास विद्यामंदिर योजना मांडली. हस्तव्यवसायाऐवजी तिचा आधार जमीन हा होता. गावातील दात्याने वर्षाकाठी किमान २०० रुपये उत्पन्नाची जमीन शाळेस द्यावी आणि त्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ही कल्पना होती. शिक्षकांच्या तयारीसाठी १९३८ मध्ये वर्ध्यास विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा निघाली.

या योजनेचा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. विद्यामंदिराच्या शिक्षकास दरमहा १५ रुपये द्यावयाचे ठरले होते. म्हणजे वर्षाचे १८० रुपये. उरलेल्या २० रुपयांत इमारतीची डागडुजी, पाट्या, पुस्तके आणि साहित्य हे सर्व भागावयाचे. झाकिर हुसेन समितीने शिक्षकाचे वेतन शक्य तर २५ रुपये, आणि कोणत्याही परिस्थितीत २० रुपयांहून कमी नसावे, असे म्हटले होते. त्या किमान दराने वेतन दिल्यास वर्षाला २४० रुपये लागतात, आणि किमान उत्पन्नाची जमीन तेवढे देऊ शकत नाही. शिवाय १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळल्याचा अनुभव ताजा होता. ज्या वर्षी पीक बुडे त्या वर्षी शाळाही बुडावी, असा या आधाराचा स्वभाव होता. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने घेतलेल्या हरकतीमुळे योजना वादात सापडली, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर ओसरला. राजकीय वाद टळला असता तरी वरील २०० रुपयांचा प्रश्न सुटला नसता.

(५)

१९४४ च्या सार्जंट योजनेने प्रश्नाची मांडणीच बदलली. सार्वत्रिक शिक्षण हवे असेल तर त्याचा खर्च शासनाने पत्करावा, असे गृहीत धरून तिने चाळीस वर्षांचा आराखडा दिला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या समितीने मध्यवर्ती उत्पन्नापैकी शेकडा १० व प्रांतिक उत्पन्नापैकी शेकडा २० भाग शिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी शिफारस केली. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये उलटून गेली.

वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण शाळा या काळात जिल्हा कौन्सिलाकडून १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या तहसीलवार जनपद सभांकडे, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे गेल्या. नावे बदलली तशी पैशाची वाटही बदलली. जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक आता मुख्यतः राज्याच्या अनुदानावर वेतन घेऊ लागला. गावाचा महसूल किती, यावर त्याचे पोट अवलंबून राहिले नाही. शतकभराच्या धडपडीचे हे खरे फलित होय.

मात्र उच्च शिक्षणाच्या बाबतीत भार वेगळ्या रीतीने खेड्याकडेच राहिला. १९५३ च्या नागपूर करारात आणि घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदात विदर्भासाठी निधीच्या न्याय्य वाटपाची व तंत्रशिक्षणाच्या सोयींची तजवीज झाली. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफीही मिळू लागली. परंतु कारंज्याच्या विद्यार्थ्याला महाविद्यालय गाठण्यासाठी नागपूर, वर्धा वा अमरावती येथे राहावे लागे. त्याच्या घरच्यांना जड वाटे ते शुल्क नव्हे. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि शेतात कमी पडलेले दोन हात, हा त्यांचा खरा खर्च. शुल्कमाफी ही संस्थेच्या हिशेबातील सवलत आहे. कुटुंबाच्या हिशेबात तिचे स्थान लहान आहे. वसतिगृह आणि निर्वाहवेतन यांना अंदाजपत्रकात दुय्यम लेखणारे धोरण शहरातील विद्यार्थ्याला अनायासे झुकते माप देते.

(६)

उपकर, अबकारी, हस्तव्यवसाय आणि जमीन या चार आधारांचा हा इतिहास अपयशांचा आहे, असे म्हणून तो मिटवून टाकणे योग्य होणार नाही. प्रत्येक योजनेने एक प्रश्न मागे ठेवला आणि तो अद्याप जिवंत आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ६ भाग शिक्षणावर खर्च व्हावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणालाही तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांची रीत पडली, आणि स्वावलंबनाचे तत्त्व वेगळ्या वेषात परत आले. फरक एवढाच, की वर्ध्याच्या परिषदेत शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याच्या श्रमातून निघावा असे म्हटले होते. आता तो त्याच्या बापाच्या जमिनीतून निघतो, कधी गहाण ठेवून, कधी विकून. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आजही लागू आहे, परंतु राज्याच्या तिजोरीत अबकारी उत्पन्न पडतेच, आणि त्याच तिजोरीतून शाळा चालतात.

फुल्यांनी विचारलेला प्रश्न पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, असा होता. शिक्षणाच्या कोणत्याही अंदाजपत्रकाला तो लावून पाहता येतो. एकूण रकमेच्या आकड्याने त्याचे उत्तर मिळत नाही. ती रक्कम कारंज्याच्या शाळेपर्यंत किती पोचते, आणि त्या शाळेतील मूल विद्यापीठापर्यंत किती पोचते, हे पाहिल्यावरच ते मिळते.