दंगलीनंतरचा कार्निव्हल

लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलचे रंगीत फोटो आपण बघतो. पण मित्रांनो, याची सुरुवात दंगलीनंतरची आहे.

ऑगस्ट १९५८. गोऱ्या टोळक्यांनी तिथे कॅरिबियन लोकांवर, त्यांच्या घरांवर हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. स्मरणिकेच्या उत्पन्नातला काही भाग दंगलीत अडकलेल्या पोरांचा दंड भरायला ठेवला!

१९६६ ला नॉटिंग हिलच्या रस्त्यावर जत्रा भरली, स्टीलपॅन वाजले. आज तिथे जर्क चिकनच्या शेजारी रोटीही मिळते. १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांनी नेलेली.

कुणाच्या सणाला ‘गोंगाट’ म्हणण्याआधी तो कशातून उभा राहिला, तेवढं विचारून बघा.