भार आणि बीज : पाठीच्या व्याधीच्या कारणविचाराचा मागोवा

पुणे–मिरज लोहमार्गावरील लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील गाव. आषाढी वारीतील ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या मुक्कामासाठी ते जसे परिचित आहे, तसेच कांद्याच्या बाजारपेठेसाठीही. शेतातून निघालेला कांदा गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत अनेकदा माणसाच्या पाठीवर चढतो आणि उतरतो. अशा पेठेत विशी-पंचविशीतल्या हमालाची कंबर धरली, पायात कळ उतरू लागली, की त्याची दोन कारणे सांगता येतात : एक, ओझ्याने झाले, दुसरे, ते त्यांच्या घराण्यातच आहे. या दोन उत्तरांचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. हा वाद केवळ वैद्यकाचा नाही. पहिले उत्तर दोष कामावर ठेवते, दुसरे रक्तावर. आणि दोष कोठे ठेवला यावर त्याचे परिमार्जन कोणी करावयाचे हे ठरत असते.

दोन्ही कल्पना आपल्या परंपरेत जुन्या आहेत. कंबरेपासून पायापर्यंत उतरणाऱ्या वेदनेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ असे नाव असून तिची गणना वातविकारांत केलेली आहे. वात प्रकुपित होण्याच्या कारणांत सुश्रुतसंहिता ‘भारहरण’, म्हणजे ओझे वाहणे, स्पष्टपणे नमूद करते. उलटपक्षी, चरकाच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव अशी उतरंड मांडली असून, बीजाचा जो अंश दूषित होईल त्यापासून घडणारा अवयव विकृत होतो, असा विचार आढळतो. यावरून प्राचीनांना आधुनिक जनुकशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे अर्थातच गैर ठरेल. तथापि ‘भार’ आणि ‘बीज’ ही कारणांची दोन स्थाने त्यांनी वेगळी ओळखली होती, एवढे निश्चित म्हणता येईल.

आधुनिक काळात प्रथम भाराचा पक्ष प्रबळ झाला. १९३४ साली बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनी दोन मणक्यांमधील चकती फाटून तिचा गाभा मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो, हे दाखवून दिले. ‘फाटणे’ या शब्दातच फाडणाऱ्या बाह्य शक्तीची अपेक्षा गर्भित असते. मराठीत रूढ झालेला ‘गादी सरकणे’ हा प्रयोगही त्याच धाटणीचा आहे; वस्तुतः गादी जागची सरकत नाही, तिचे बाह्य वलय दुबळे होऊन आतील गाभा बाहेर डोकावतो. पण शब्दाने धक्क्याचे चित्र मनावर ठसविले ते ठसविलेच.

याच काळात ओझ्याचा प्रश्न सार्वजनिक झाला. ‘हमाल’ हा शब्द अरबीतून आलेला, ‘माथाडी’ हा माथ्यावरून घडलेला. दोहोंतही माणसाची ओळख त्याच्या ओझ्यावरून होते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. शंभर किलोची पोती पन्नासवर आणावीत, ही मागणी हमालांच्या चळवळीने लावून धरली.

त्यानंतर बीजाचा पक्ष पुढे आला. एकवीस वर्षांखालील ज्या रुग्णांची चकती बाहेर आली होती त्यांच्या कुटुंबांत हाच विकार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, असे १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. १९९५ मध्ये फिनलंडमधील ११५ एकबीज जुळ्या पुरुषांच्या जोड्या तपासण्यात आल्या. कंबरेच्या वरच्या भागातील झिजेच्या तफावतीपैकी केवळ ७ टक्के शारीरिक भाराने उलगडली. वय धरता हा आकडा १६ वर गेला, तर कौटुंबिक घटक मिळविताच ७७ टक्क्यांवर पोहोचला. मात्र कंबरेच्या खालच्या भागात सर्व घटक मिळूनही ४३ टक्केच तफावत उलगडली.

पुढे प्रत्यक्ष जनुके हाती लागू लागली. चकतीच्या गाभ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या ॲग्रिकॅन या प्रथिनाच्या जनुकातील पुनरावृत्त भाग आखूड असलेल्या तरुण जपानी स्त्रियांत झीज अधिक आढळली (१९९९). त्याच वर्षी नवव्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जनुकातील एक बदल १५७ फिन्निश रुग्णांपैकी ६ जणांत सापडला, तर १७४ निरोगी व्यक्तींपैकी एकातही नाही. परंतु दक्षिण चीनमधील लोकांत हाच बदल सुमारे पाचात एकाला असतो, असे २००५ मध्ये दिसले. म्हणजे एका समाजात विरळ असलेला धोका दुसऱ्यात सर्वसामान्य असू शकतो. तरुण भारतीयांविषयीचे असे संशोधन कोइंबतूरच्या गंगा रुग्णालयात डॉ. एस. राजशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे.

मग भाराचा पक्ष हरला काय? येथे दोन गोष्टी लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, ‘कौटुंबिक घटक’ म्हणजे केवळ जनुके नव्हेत. एका घरात वाढलेल्या जुळ्यांचे बालपण, आहार व सवयीही त्यात येतात. दुसरी अधिक महत्त्वाची. हे टक्के एका माणसाच्या दुखण्याची वाटणी सांगत नाहीत. एका समूहातील माणसामाणसांमधील फरकाची वाटणी सांगतात. सर्वांनीच सारखी पोती वाहिली, तर त्यांच्या पाठींतील फरक बव्हंशी बीजाचाच दिसेल. पण त्यामुळे पोत्याचे वजन शून्य होत नाही.

आपल्या भाषेत ‘पिढीजात’ हा एकच शब्द धंद्यालाही लागतो आणि व्याधीलाही. जेथे बापामागून मुलगा हमालीस लागतो, तेथे भार आणि बीज दोन्ही एकाच वारशाने येतात, आणि ‘घराण्यातच आहे’ हे वाक्य त्या दोहोंतील भेद पुसून टाकते. जुळ्यांच्या अभ्यासाचे खरे मोल हे की, ही गाठ सोडविण्याची रीत त्याने दाखविली. ती रीत न पाळता केवळ निष्कर्ष उचलणारा जनुकाच्या नावाने जुन्या दैववादाचीच पुनरुक्ती करील.

बीज बदलणे आज तरी आपल्या हाती नाही. पोत्याचे वजन मात्र आहे. ज्याच्या बीजात दुर्बलता आहे त्याला हलक्या ओझ्याची गरज अधिक, कमी नव्हे. म्हणून आनुवंशिकतेचा शोध १९६९ च्या कायद्यामागील भूमिकेस बाधक नसून, नीट वाचल्यास तिला पोषकच आहे, असे आम्हांस वाटते.