खानदेशातील गोधडी : शब्द, टाका आणि कर्ती

१

पारोळ्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास साधनांची फारशी वाण पडत नाही. बोरी नदीच्या खोऱ्यातील या गावचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास बांधला, असे सांगितले जाते. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, इंग्रज सरकारने जहागीर ताब्यात घेतली व किल्ला मोडला, हेही नोंदलेले आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरे गावच्या व्यापाराविषयी थोडक्यात, परंतु महत्त्वाची माहिती देतात. गुरे, कापूस, धान्य आणि लुगडी यांची मोठी उलाढाल येथे होत असे.

यांतील शेवटच्या शब्दापाशी प्रस्तुत लेखक थांबू इच्छितो. लुगडे विकले जाईपर्यंत इतिहासकार त्याचा माग काढतो. पेढीच्या दारातून ते एकदा घरात गेले की आपली साधने मुकी होतात. वास्तविक त्या लुगड्याचे आयुष्य तेथे सुरू होते. ते नेसले जाते, विरते, ठिगळ लावून पुन्हा नेसले जाते आणि अखेरीस त्याची गोधडी होते. या अखेरच्या रूपाचा, आणि ते घडविणाऱ्या स्त्रीचा, इतिहास लिहिता येईल काय? येईल, असे लेखकास वाटते. मात्र त्यासाठी दोन अपरिचित साधने हाती घ्यावी लागतील : कामाची भाषा आणि खुद्द गोधडी.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृतातील ‘कन्था’ हा शब्द चिंध्यांच्या प्रावरणास लावलेला आढळतो. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात तो आहे, आणि नाथपंथी जोग्याच्या वेषातही कंथेला स्थान आहे. मराठीत मात्र तो ग्रंथांत आणि पंथांतच राहिला. घरात रुजले ते दोन निराळे शब्द : वाकळ आणि गोधडी.

‘वाकळ’ ची उकल ध्वनिनियमांस धरून होते. संस्कृत ‘वल्कल’, प्राकृत ‘वक्कल’, मराठी ‘वाकळ’. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे आणि दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ चा ‘ळ’ होणे, हे दोन्ही बदल मराठीत नित्याचे आहेत. झाडाच्या सालीचे वस्त्र गेले, पण त्याचे नाव गरिबाच्या पांघरुणाला चिकटून राहिले.

‘गोधडी’ चे तसे नाही. तिला संस्कृतातील सरळ पूर्वज दाखविता येत नाही. तिची भावंडे हिंदीत ‘गूदड’, ‘गुदडी’ आणि गुजरातीत ‘गोदडी’ अशी आहेत. म्हणजे वाकळ ही संस्कृताकडून वारशाने आली, तर गोधडी ही शेजारपाजाऱ्यांच्या नात्यातली. गोधडी हा शब्द आज साऱ्या मराठी मुलखात चालतो, वाकळ देशावर व मराठवाड्यात अधिक ऐकू येते. गुजरात, माळवा आणि महाराष्ट्र यांच्या सांध्यावर वसलेल्या खानदेशात गोधडीच प्रबळ असावी, हे साहजिक होय. अहिराणीचे स्वरूपही असेच सांध्यावरचे आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा समावेश १९०७ च्या नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर करण्यात आला आणि मराठीला निराळा खंड मिळाला. त्या वर्गीकरणाविषयीचा वाद अद्यापि मिटलेला नाही.

या शब्दांनी माणसांनाही नावे दिली. कर्जतच्या गोदड महाराजांचे नाव प्रसिद्ध आहे. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडेबुवा’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोधडी पांघरणाऱ्याला तिच्यामुळे नाव मिळाले. गोधडी करणारीला मात्र कोणतेही नाव मिळालेले दिसत नाही. विणणारा तो विणकर, शिवणारा तो शिंपी, कापूस पिंजणारा तो पिंजारी. परंतु गोधडी करणारीसाठी नित्याच्या वापरात असा शब्द नाही. जे काम प्रत्येक घरात होते आणि ज्याची मजुरी बहुधा कोणी देत नाही, त्याच्या कर्तीला भाषा वेगळे नाव देत नाही, असा याचा अर्थ करावयास हरकत नसावी.

३

आता कृतीकडे वळू. रजई किंवा दुलई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. त्याला पिंजारी लागतो आणि पैसा लागतो. गोधडीत भरणा नसतो. थरावर थर असतात, आणि ते सारे जुन्या वस्त्राचे. तिचे गणित लुगड्याच्या लांबीवर बसलेले आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे पुऱ्या उंचीच्या माणसाला पुरेल एवढा. पन्हा सव्वा वार धरला, तर दोन तुकडे शेजारी जोडून दोघातिघांच्या गोधडीचा एक थर होतो आणि एका लुगड्यात असे दोन थर निघतात; एकट्याची गोधडी असेल तर तेच लुगडे चार थर देते.

काम बहुधा रब्बीची धावपळ उरकल्यावर आणि पावसाळ्यापूर्वी निघते. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर तळचा कपडा पसरून त्याच्या कोपऱ्यांवर तांबे अथवा दगड ठेवतात. मऊ, विरलेले तुकडे मधल्या थरांत जातात. त्यातल्या त्यात धड व उठावदार कपडा वर येतो. प्रथम लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांशी बांधून घेतात. मग खरे काम सुरू होते. या कामाला ‘शिवणे’ म्हणतात, तसेच ‘दोरे घालणे’ असेही म्हणतात. आणि हा दुसरा प्रयोग अधिक नेमका आहे. शिवण्यात दोन कडा जुळतात. दोरे घालण्यात कडेचा प्रश्नच नाही, साऱ्या पृष्ठभागाचा एकजीव करावयाचा असतो.

टाका एकच, साधा धावदोरा. कडेपासून आरंभ करून चारही बाजूंनी फिरत फिरत ओळी आत नेणे ही एक रीत. लांबीच्या दिशेने समांतर ओळी घालणे ही दुसरी. पहिल्या रीतीत दोघीतिघींना निरनिराळ्या बाजूंवर एकाच वेळी बसता येते. परंतु प्रत्येक ओळीबरोबर कपड्याचा ढिलेपणा मध्याकडे सरकत जातो, आणि तो हाताने सारखा करीत न नेल्यास शेवटी मध्यावर फुगा येतो. दोरा किंचित ओढून घेतल्याने ओळींमध्ये बारीक सुरकुत्या पडतात. त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. त्यांत हवा अडकते, आणि ऊब येते ती या अडकलेल्या हवेमुळेच.

शोभेचा विचार मुख्यत्वे ठिगळात दिसतो. लुगड्याचा काठ काढून तो चौफेर किनार म्हणून लावणे, उरलेल्या चिंध्यांचे चौकोन व त्रिकोण कापून रंगाला रंग भिडविणे, मध्यभागी वेगळ्या कपड्याचा एक मोठा चौक ठेवणे, हे निर्णय कोणी शिकवीत नाही, आणि दोन घरांतले निर्णय सहसा सारखे नसतात. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत ठिगळ हे हतबलतेचे चिन्ह आहे. गोधडीत तेच ठिगळ रचनेचे एकक होते.

४

गोधडी जीर्ण झाली म्हणजे ती टाकीत नाहीत. तिला वरून नवे वस्त्र चढवितात, किंवा ती अख्खीच नव्या गोधडीच्या पोटात घालतात. यामुळे जुन्या गोधडीला उत्खननातल्या पांढरीसारखे स्तर प्राप्त होतात. हातमागाचे जाड सूत, जळगावच्या खानदेश मिलसारख्या गिरण्यांच्या काळचे कापड, १९४३ पासूनच्या कापड नियंत्रणातल्या टंचाईची आठवण देणारे बोटभर तुकड्यांचे जोड, १९६० नंतरचे नायलॉन व पुढे पॉलिस्टर, असा क्रम लावता आला तर एका घराचा शंभर वर्षांचा वस्त्रव्यवहार हाती येतो. दानपत्राला जशी तिथी असते तशी तिथी येथे नसते. परंतु कापडच आपला काळ सांगते.

या विधानास लेखकाच्या घरचे एक उदाहरण आहे, आणि ते सांगताना संकोच वाटतो. अहिराणीच्या अभ्यासासाठी पारोळ्याच्या परिसरात ध्वनिमुद्रणे करीत असता लेखक आजोळच्या ओसरीवर महिनोन्‌महिने एका गोधडीवर बसत असे. क्रियापदांची रूपे मिळविली, नातेवाचक शब्दांची यादी केली. बसावयास दिलेली गोधडी कोणी केली, हे एकदाही विचारले नाही. आजी गेल्यावर तिच्या गोधड्यांची चवड बोहारणीकडे गेली आणि तिच्या बदल्यात एक पातेले आले. एकच गोधडी, कोपरा उसवलेली, मागे राहिली. त्या उसवलेल्या कोपऱ्यातून आत दुसरी गोधडी दिसत होती. वरच्या ओळी उभ्या, आतल्या ओळी आडव्या. मावशीने त्या आतल्या टाक्यांवरून बोट फिरविले आणि म्हटले, “हाऊ मायना हात से.”

वाक्य चार शब्दांचे आहे. ‘हाऊ’ म्हणजे हा. ‘ना’ हा गुजरातीच्या जवळचा षष्ठीचा प्रत्यय. ‘से’ म्हणजे आहे, गुजराती ‘छे’ चा सोयरा. व्याकरण एवढ्यात संपते. परंतु ‘हात’ हा शब्द येथे अवयवाच्या अर्थी नाही. अक्षर पाहून आपण लिहिणारा ओळखतो, तशी मावशीने टाका पाहून आई ओळखली होती. कसे ओळखले, असे विचारता तिने दाखविले : आजी कोपऱ्यावर दोरा काटकोनात वळवीत नसे, गोलाईने नेत असे. म्हणजे सही होती. ती वाचणारे मात्र त्या घरात एकच माणूस उरले होते.

५

अन्यत्र असे झाले नाही, याची दोन उदाहरणे देता येतील. बंगालमधील नक्षीदार कांथा गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांच्यासारख्या संग्राहकाने वेळीच जमविल्या. त्यांच्या संग्रहात मानदासुंदरी या स्त्रीने आपल्या पित्यासाठी केलेली कांथा तिच्या नावासह जतन झाली आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, त्या कर्तींच्या नावांनिशी. महाराष्ट्रातील गोधडीवर या शतकात गीता खंडेलवाल यांचे पुस्तक झाले आहे. तथापि खानदेशापुरते पाहता गावोगावची नोंद होणे अजून बाकीच आहे.

आणि अवधी थोडा आहे. सहावारी साडीत पावणेसात फुटांचे दोनच तुकडे निघतात, साडेचार फुटांचा एक उरतो. जुने गणित तेथेच बिघडते. कृत्रिम धाग्याचे कापड सुईखाली निसटते, घाम टिपत नाही. बाजारात तयार ब्लँकेट स्वस्त आहे. गोधडी नाहीशी झाली नाही, शहरांत तिला गिऱ्हाईकही मिळू लागले आहे. परंतु घरातल्या वस्त्रांतून, घरातल्या माणसासाठी झालेली गोधडी विरळ होत चालली आहे.

याच जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. पण त्यांची गाणी घरकामातून व शेतकामातून आली, जशी गोधडी येते. ती घरच्या माणसांनी टिपून ठेवली, पुत्र सोपानदेवांनी पुढे आणली, १९५२ मध्ये छापली गेली, आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. टिपणारा मिळाला नसता तर ती गाणी त्यांच्याबरोबरच संपली असती. गोधडीला तो मिळालेला नाही.

म्हणून एक साधी सूचना. बोलीच्या अभ्यासक्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने माहीतगाराच्या नोंदपत्रकात आणखी चार रकाने ठेवावेत : गोधडी कोणी केली, कोणत्या साली, कोणाच्या लुगड्यांची, आणि तिचा हात कशावरून ओळखावा. यास खर्च काही नाही. ओसरीवर बसावयास गोधडी पुढे येईल, तेव्हा बसण्यापूर्वी हे विचारावे, एवढेच.